जुळलेली तेरीज आणि उलट लागलेली तार



वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा एक धडा बँकेतील साऱ्या नोकरीत माझ्या उपयोगी पडला. तेरीज जुळली म्हणजे खतावणी बिनचूक आहे, असे समजू नये. एका आसामीच्या खात्यावर जमा करावयाची रक्कम दुसऱ्याच आसामीच्या खात्यावर जमा झाली, तरी नावे आणि जमा या दोन्ही बाजूंच्या बेरजा तंतोतंत जुळतात. बेरीज बरोबर असते, खाते चुकलेले असते. आपल्या पेढ्यांवरील जुन्या मुनिमांना हे कोणी शिकवावे लागत नसे. हाच नियम हृदयाच्या आलेखालाही लागू आहे, हे मात्र मला निवृत्तीनंतर आणि तेही माझ्या पुतणीकडून कळले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. महावीर जन्मकल्याणकानिमित्त आमच्या हिंगोलीत आरोग्य शिबिर भरले होते. समाजातील एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ ईसीजीचे नवे यंत्र दिले होते. त्यावर दात्यांच्या नावाची पट्टी होती, हार होता, छायाचित्रेही निघाली. यंत्र चालवण्यासाठी मात्र कोणी शिकलेले माणूस नव्हते. 'मला जमते' म्हणणारा एक तरुण मिळाला आणि काम सुरू झाले.

दुपारी मोंढ्यातील एका ज्येष्ठ व्यापाऱ्यांचा आलेख निघाला. हल्लीची यंत्रे कागदाच्या माथ्यावर स्वतःचा अंदाजही छापतात. त्या कागदावर हृदयाच्या एका बाजूस इजा असावी, अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापून आली. गृहस्थांना इंग्रजी येत होते, हेच त्या वेळी दुर्दैव ठरले. त्यांना दरदरून घाम फुटला. मुलाने दुकान बंद केले, गाडी मागवली, घरी रडारड झाली. नांदेडहून आलेले डॉक्टर दुसऱ्या खोलीत होते. त्यांनी कागद हाती घेतला, क्षणभर पाहिला आणि विचारले, "यांच्या हातांच्या तारा कोणी लावल्या?" उजव्या हाताची तार डाव्या हाताला आणि डाव्याची उजव्याला लागली होती. तारा नीट लावून पुन्हा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. पंधरा मिनिटांत सारे संपले. पण ती पंधरा मिनिटे त्या कुटुंबाने कशी काढली, हे मी पाहिले आहे.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. तिची कोणी दखल घेतली नाही. माझी धाकटी भावजय रांगेत उभी होती. काही दिवसांपासून तिला जिना चढताना धाप लागत होती. छाती उघडी करून तारा लावणारा पुरुष आहे, असे कळताच ती मुकाट्याने घरी निघून आली. तिच्यामागे आणखी तिघी-चौघी परतल्या. आपण यंत्र दिले होते, मंडप दिला होता, भोजन दिले होते. रांगेतून परत फिरलेल्या भगिनींसाठी काय हवे होते, याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता.

तो विचार माझ्या पुतणीच्या मनात आला. ती तेव्हा बारावी विज्ञान शाखेत होती आणि शिबिरात नावे लिहून घेत होती. आईला परत जाताना तिनेच पाहिले होते. निकाल लागल्यावर तिने घरात सांगितले, "मला हे आलेख काढायचे काम शिकायचे आहे."

आमच्या घरी हळदीची आडत आहे. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, तुम्हीच समजवा हिला. डॉक्टर होते म्हणाली असती तर कर्ज काढले असते. आडत्याच्या मुलीने दवाखान्यात तारा लावायच्या?" प्रामाणिकपणे सांगतो, माझेही मत फारसे वेगळे नव्हते. 'तंत्रज्ञ' म्हणजे डॉक्टर होता न आलेला माणूस, अशी एक खोटी प्रतवारी आपण मनात करून ठेवलेली असते. मात्र ती मुलगी हट्टाला पेटली नव्हती, तिने नीट विचार केला होता. ती म्हणाली, "मोठे बाबा, त्या दिवशी डॉक्टर होते, यंत्र होते; मधला माणूस नव्हता." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मग चौकशी सुरू झाली. शेजारच्या एका शहरातील संस्थेचे माहितीपत्रक कोणीतरी आणून दिले. सहा महिन्यांत 'ईसीजी टेक्निशियन'चे प्रमाणपत्र, नोकरीची शंभर टक्के हमी, आणि शुल्क एकरकमी रोखीने भरल्यास सवलत. बंधूंना ते पसंत पडले. सहा महिन्यांत हौस फिटेल, असा त्यांचा हिशेब होता. मी नमुन्याचे प्रमाणपत्र पाहावयास मागितले. त्यावर सोनेरी शिक्का होता, क्रमांक होता, दोन सह्या होत्या, छायाचित्राची चौकट होती. खाली तीन नोंदणी क्रमांक छापले होते. मी चष्मा लावून ते वाचले. एक क्रमांक संस्था नोंदणीचा, दुसरा उद्यम नोंदणीचा आणि तिसरा आयएसओचा होता.

व्यापारी वाचकांना यातील मेख लगेच ध्यानात येईल. उद्यम नोंदणी आपल्या किराणा दुकानाचीही असते. म्हणून त्या दुकानाने दिलेला कागद पदविका ठरत नाही. ते तिन्ही क्रमांक खरे असतील, पण ते संस्थेचे होते, अभ्यासक्रमाचे नव्हते. परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते, या प्रश्नावर "आमचीच परीक्षा असते" असे उत्तर मिळाले. येथेही तेरीज जुळली होती, फक्त रक्कम भलत्याच खात्यावर पडली होती.

या विषयावर आता देशात कायदा आहे. राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा अधिनियम २०२१ साली संमत झाला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी स्वतंत्र परिषदा पूर्वीपासून होत्या. प्रयोगशाळा, क्ष-किरण, हृदयतपासणी अशा कामांतील तंत्रज्ञांसाठी देशभर लागू होणारी एकच चौकट नव्हती. ती या कायद्याने घातली. त्यातील व्याख्येनुसार सहबद्ध आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची व दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी लागते. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३,६०० तासांची व तीन ते सहा वर्षांची असावी लागते. अल्पमुदतीचे कौशल्य अभ्यासक्रमही आहेत, आणि त्यांना राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर ते निरुपयोगी नाहीत. पण सहाय्यकाचे कौशल्य आणि व्यावसायिकाची पात्रता ही दोन वेगळी खाती आहेत. शुल्क भरण्यापूर्वी आपण कोणत्या खात्यावर रक्कम टाकतो आहोत, हे ठाऊक असावे.

अखेर पुतणीने नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परावैद्यक तंत्रज्ञान पदवीला, म्हणजे बीपीएमटीला, हृदयरोग शाखेत प्रवेश घेतला. तीन वर्षे अभ्यास आणि त्यानंतर एक वर्ष रुग्णालयात आंतरवासिता, असा तो क्रम आहे. सहा महिन्यांऐवजी चार वर्षे! बंधूंच्या कपाळावरील आठी पुष्कळ दिवस गेली नाही.

गेल्या सुट्टीत ती परीक्षेच्या तयारीसाठी घरी आली आणि तिची उजळणी घेण्याचे काम माझ्याकडे आले. परीक्षा तीन प्रकारची असते: लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी. प्रश्नांची वही माझ्या हाती, उत्तरे तिच्या मुखी. त्या पंधरा दिवसांत मी जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या छातीवर कधी ना कधी या तारा लागणार आहेत.

आलेख बारा बाजूंचा असतो, पण तारा दहाच. चार हातापायांना आणि सहा छातीवर. आपल्याकडील बहुतेक यंत्रांवर उजव्या हाताची तार लाल, डाव्या हाताची पिवळी, डाव्या पायाची हिरवी आणि उजव्या पायाची काळी असते. उजव्या हातापासून निघून डाव्या पायापर्यंत रस्त्यावरचे सिग्नल आठवावेत: लाल, पिवळा, हिरवा. काळी तार आलेखात मोजली जात नाही, ती विजेचा गोंगाट कमी ठेवण्यासाठी असते.

छातीवरील सहा जागा मात्र रंग पाठ करून सापडत नाहीत, तेथे बोटांनी बरगड्या मोजाव्या लागतात. "मोठे बाबा, स्वस्थ पडा," असे म्हणून तिने माझ्याच छातीवर सराव केला. गळ्याखालच्या खळगीतून बोट खाली सरकवले की छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी असते. तेथून खाली मोजत चौथ्या बरगडीखालच्या फटीत मधल्या हाडाच्या उजव्या कडेला पहिली आणि डाव्या कडेला दुसरी जागा. पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली उतरणाऱ्या रेषेवर चौथी. दुसरी व चौथी यांच्या बरोबर मध्ये तिसरी. चौथीच्याच आडव्या पातळीत काखेच्या पुढच्या कडेखाली पाचवी आणि काखेच्या मध्याखाली सहावी. पहिल्या दोन जागा नजरेच्या अंदाजाने एक-दोन बरगड्या वर लावणे, ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. नुसत्या तेवढ्यानेही निरोगी हृदयाचा आलेख आजारी दिसू शकतो.

त्यानंतर कागद. तो सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणजे लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच लहान मिळून झालेला मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. एका मिनिटात ३०० मोठे चौकोन. दोन ठोक्यांत चार मोठे चौकोन असतील तर ३०० भागिले ४, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. ठोके अनियमित असतील तर दहा सेकंदांच्या पट्टीवरील ठोके मोजून सहाने गुणायचे. आमच्या दुकानातील कोणताही नोकर हे गणित तोंडी करील. मात्र कागदाचा वेग चुकून ५० वर ठेवलेला असेल, तर सारा हिशेब निम्म्यावर येतो; म्हणून कागदावर छापलेला वेग आधी वाचायचा. बिल पाहण्यापूर्वी वजनाचा काटा शून्यावर आहे का ते पाहावे, तसेच हे.

आणि मग एका संध्याकाळी तिने मला चकित केले. पहिल्या तीन बाजूंत एक नाते असते: पहिली आणि तिसरी यांची बेरीज दुसरीइतकी येते. हॉलंडमधील लायडेनचे विलेम आइंटहोव्हेन यांनी हा नियम घालून दिला. आधुनिक आलेखयंत्राचे ते जनक. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तयार केलेले यंत्र सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावे लागत. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मी आनंदाने म्हणालो, "म्हणजे हा तुमचा ताळा! तारा चुकल्या तर बेरीज जुळणार नाही आणि चूक लगेच सापडेल."

ती हसली. म्हणाली, "नाही मोठे बाबा. दोन्ही हातांच्या तारा उलट लागल्या तरी ही बेरीज जुळतेच." तिने कागदावर मांडून दाखवले. पहिली बाजू उलटी होते, दुसरी आणि तिसरी आपापल्या जागा बदलतात. बेरीज जशीच्या तशी राहते. मी दोनदा पडताळून पाहिले. खाते चुकले, तेरीज जुळली! शिबिरातील त्या कागदावर नेमके हेच झाले होते. चूक ओळखायची तर बेरजेवर विसंबून भागत नाही. पहिल्या बाजूतील सर्व लाटा खाली वळल्या आहेत का, आणि उजव्या हाताच्या ज्या बाजूत त्या नेहमी खाली असतात तेथे वर आल्या आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे लागते. त्याहून उत्तम म्हणजे कळ दाबण्यापूर्वी एकदा तारांवरून नजर फिरवावी.

तिच्या वहीतील तिसरा भाग माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर होता. तंत्रज्ञाने निदान सांगायचे नाही. 'तुम्हाला काही नाही' असेही नाही आणि 'तुम्हाला झटका आला' असेही नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. पण कोणता कागद टेबलावर ठेवून चालणार नाही, हे त्याला उमगलेच पाहिजे. छातीत दुखत असलेल्या रुग्णाच्या आलेखात एक विशिष्ट भाग उचललेला दिसला, ठोके घातक वेगाने धावताना दिसले, किंवा वरच्या व खालच्या कप्प्यांचा मेळ तुटलेला दिसला, तर कागद हातात घेऊन धावत डॉक्टरांकडे जायचे. छातीत दुखणारा माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्याचा आलेख निघून वाचला जावा, असा जगभरचा दंडक आहे. रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. आपल्या जिल्ह्यातील रुग्णाला नांदेड गाठायला तास-दीड तास सहज जातो, तेथे ही दहा मिनिटे अधिकच मोलाची. आलेख आता दूरच्या तज्ज्ञाला मोबाइलवर क्षणात पाठवता येतो. आइंटहोव्हेन यांनीही १९०५ च्या सुमारास सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेने आलेख मागवून पाहिला होता. पण तज्ज्ञ कितीही मोठा असला, तरी चुकीच्या जागी लावलेल्या तारेचा आलेख त्याला चुकीचेच सांगणार.

वाचकांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. एक आलेख निर्दोष आला म्हणजे झटका नाही, अशी खात्री देता येत नाही. दुखणे चालू असेल तर डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा आलेख काढतात, रक्त तपासतात. "परवाच ईसीजी काढला होता, चांगला होता," असे म्हणून घरी बसू नये. भगिनींमध्ये तर छातीत कळ न येता नुसती धाप, थकवा, पाठीत वा जबड्यात दुखणे, मळमळ अशीच लक्षणे असू शकतात.

आता थोडे माझ्या जुन्या व्यवसायाविषयी. मुलांना अशा अभ्यासक्रमाला घालण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. परीक्षा कोण घेते ते विचारा, आणि त्या विद्यापीठाच्या वा मंडळाच्या यादीत संस्थेचे नाव स्वतः शोधा. माहितीपत्रकावर विसंबू नका. सरावासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. या पात्रतेवर राज्य परिषदेकडे नोंदणी होते का, याचे उत्तर लेखी घ्या. शुल्क धनादेशाने भरा आणि संस्थेच्या नावाची पावती घ्या. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत तारण लागत नाही. पैशांची गरज नसली तरी एकदा आपल्या शाखेत विचारून पाहा, कारण मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाला बँक कर्ज नाकारते. तो नकार फुकट मिळालेला सल्ला समजावा.

आणि थोडे समाजाविषयी. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन झालेला आपला जिल्हा. २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढील काळात येथे डॉक्टर असतील, यंत्रे असतील; त्या दोहोंमधल्या प्रशिक्षित हातांची गरज दरवर्षी वाढत जाईल. आपण स्मरणार्थ यंत्रे देतो, ते योग्यच आहे. पण यंत्राच्या किमतीचा काही भाग एखाद्या गरजू मुलीच्या शिक्षणासाठी ठेवला, तर ते यंत्र कपाटात धूळ खात पडणार नाही. आमच्या शिबिरातील यंत्र दोन वर्षे कपाटातच होते, हे सांगताना मला संकोच वाटतो, पण खोटे लिहिता येत नाही.

पुतणी परीक्षेला परत निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तिने ते यंत्र बाहेर काढवले. आमच्या परिचयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांच्याच दवाखान्यात, पडदा ओढून, तिने आपल्या आईचा आलेख काढला. चार वर्षांपूर्वी रांगेतून परत फिरलेली माझी भावजय या वेळी निमूटपणे झोपली. मुलीने तारा लावल्या, मग हात मागे घेऊन दहाही तारा एकेक करून पुन्हा पाहिल्या आणि त्यानंतरच कळ दाबली. डॉक्टरांनी कागद वाचला. हृदय ठीक होते. रक्त तपासल्यावर पांडुरोग निघाला, त्याचे औषध आता चालू आहे. धाप त्याचीच होती.

बंधू बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी कागद मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारले, "दादा, हिची आंतरवासिता संपल्यावर हिंगोलीतच काम मिळेल का हो?"

मी म्हटले, "आधी परीक्षा होऊ दे."